कारखान्यात अमोनिया बनत असताना मुरगाव बंदरात अमोनियाचे जहाज कशासाठी?

सांकवाळचा वाचक
झुआरीनगरच्या खत कारखान्यात १९७३ पासून उत्पादन चालू आहे आणि तिथे अमोनिया तयार होतो, हे आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. सुमारे चाळीस वर्षे तो नाफ्त्यापासून (खनिज तेल गाळताना निघणाऱ्या हलक्या द्रवापासून) होत असे; २०१३ पासून दाभोळ–बेंगळुरू वाहिनीच्या शाखेतून येणाऱ्या नैसर्गिक वायूपासून होतो. असे असूनही मुरगाव बंदरात द्रवरूप अमोनिया आणि फॉस्फोरिक आम्ल घेऊन जहाजे लागतात आणि अमोनियाचे टँकर वस्तीतून धावतात. कच्चा माल एका टोकाला, खत दुसऱ्या टोकाला, आणि मधला माल मात्र बाहेरून विकत आणायचा, हा व्यवहार मला उलटा वाटतो. माझे मत असे की वायू आल्यानंतर मधल्या मालाची आयात बंद व्हायला हवी होती. जाणकारांनी हे खोडून काढावे किंवा दुजोरा द्यावा.

जुना पाळीवाला
मी गोव्याबाहेरच्या एका नाफ्त्यावर चालणाऱ्या अमोनिया प्लांटमध्ये पाळीवर नोकरी केली आहे, त्यामुळे इथल्या कारखान्याच्या आतल्या गोष्टी न सांगता अशा कारखान्यांची सर्वसाधारण रचना सांगतो.

खत कारखान्याच्या एकाच कुंपणात दोन वेगळी घराणी नांदत असतात. पहिले घराणे युरियाचे. एक टन युरियासाठी सुमारे ०.५७ टन अमोनिया आणि ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि हे दोन्ही एकाच प्लांटमधून, एकाच कच्च्या मालातून निघतात. त्यामुळे अमोनिया प्लांटची क्षमता बहुधा युरियाच्या मापाने ठरवलेली असते. दुसरे घराणे डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) आणि एनपीके (नत्र, स्फुरद, पालाश यांच्या मिश्र) खतांचे. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के फॉस्फेट असते, म्हणजे टनामागे सुमारे ०.२२ टन अमोनिया आणि उरलेला बहुतेक भार फॉस्फोरिक आम्लाचा. या घराण्याला कार्बन डायऑक्साइडचा काडीचाही उपयोग नाही.

आता तुम्ही युरियाच्या वाट्याचा अमोनिया डीएपीला दिलात, तर तितका युरिया कमी होतो आणि त्याच्या जोडीचा कार्बन डायऑक्साइड चिमणीतून हवेत जातो. म्हणून घरचा अमोनिया युरियाला आणि जहाजाचा डीएपीला, अशी वाटणी होते. ती उलटी नाही, हिशोबाची आहे.

सडेकर
थोडक्यात, दोन भावांच्या वाटण्या झालेल्या आहेत आणि स्वयंपाकघर एकच आहे. गोव्यात हे समजायला कोणाला जड जाऊ नये.

फोंड्याची शिक्षिका
पाळीवाले काकांच्या मुद्द्याला थोडे गणित जोडते, कारण नाफ्ता जाऊन वायू आल्याने ही वाटणी किंचित बदलते आणि ते बारावीच्या रसायनशास्त्रातून सिद्ध करता येते.

वाफेशी पूर्ण अभिक्रिया झाली असे धरल्यास मिथेनच्या एका कार्बन अणूमागे हायड्रोजनचे चार रेणू मिळतात. नाफ्त्यात प्रत्येक कार्बनमागे साधारण दोनच हायड्रोजन अणू असतात, त्यामुळे तिथे एका कार्बनमागे सुमारे तीन रेणू मिळतात. अमोनियाच्या एका रेणूला हायड्रोजनचे दीड रेणू लागतात. म्हणजे एका अमोनियामागे मिथेनमधून ०.३७५ आणि नाफ्त्यामधून ०.५ इतका कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. युरियाला एका अमोनियामागे नेमका ०.५ हवा असतो. दुय्यम रिफॉर्मरमध्ये (वाफेच्या साहाय्याने हायड्रोजन काढण्याच्या दुसऱ्या टप्प्यात) हवा सोडल्याने हे दोन्ही आकडे थोडे वर सरकतात, पण चित्र तेच राहते: नाफ्त्यावर कार्बन डायऑक्साइड थोडा उरतो, वायूवर तो थोडा कमी पडतो.

उत्तर प्रदेशात इफकोने आंवला आणि फुलपूर येथे चिमणीच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड परत पकडण्याची संयंत्रे बसवली, ती याच तुटीपायी.

सांकवाळचा वाचक
शिक्षिकाताई, तुमच्या गणिताने माझाच मुद्दा बळकट होतो. वायूवर कार्बन डायऑक्साइड कमी पडत असेल तर काही अमोनिया युरियात न जाता शिल्लक राहणार. मग तो डीएपीला द्यावा आणि जहाज थांबवावे.

फोंड्याची शिक्षिका
शिल्लक राहतो हे खरे, परंतु ती शिल्लक एकूण उत्पादनाच्या मानाने लहान असते. तेवढ्याने जहाजांची संख्या कमी होईल. जहाज बंद होणार नाही.

जुना पाळीवाला
शिवाय अमोनिया प्लांट वर्षभर अखंड चालत नाही. ठरलेल्या देखभालीसाठी तो बंद करावा लागतो, कधी कंप्रेसर रुसतो, कधी वायूचा पुरवठा घटवला जातो. त्या काळात डीएपीचा प्लांट टाकीतल्या अमोनियावर चालू शकतो. टाकी नसेल तर एका प्लांटचा ताप पुढच्या सर्व प्लांटना चढतो. ज्यांनी रात्रपाळीत एकामागून एक प्लांट बसताना पाहिले आहेत, त्यांना मधल्या टाकीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

डिचोलीचा बागायतदार
अमोनियाचे पटले. फॉस्फोरिक आम्लाचे अजिबात पटले नाही. ते मोरोक्को, जॉर्डन, सेनेगल अशा देशांतून येते, म्हणजे आपल्या सुपारी-नारळाच्या खताची दोरी परक्यांच्या हातात. चीनने ऑक्टोबर २०२१ मध्ये फॉस्फेट खतांच्या निर्यातीवर बंधने आणली, तेव्हा डीएपीसाठी देशभर रांगा लागल्या. रॉक फॉस्फेट, म्हणजे फॉस्फेटचा खनिज दगड, आणून इथेच आम्ल बनवले तर निदान एक पायरी तरी आपल्या हातात येईल. तयार मधला माल घेणे म्हणजे आपल्या कारखान्याने केवळ शेवटची कालवाकालव करणे होय.

मुरगावकर
बागायतदार, तुमच्याच बागेतले उदाहरण देतो. सोलकढीसाठी रस हवा असेल तर किसलेला नारळ विकत घेतला की घरी चोथा उरतो. आख्खा आणला तर काथ्या, करवंटी आणि चोथा असे तिन्ही उरते. रॉक फॉस्फेट हा आख्खा नारळ आहे.

चांगल्या रॉकमध्ये फॉस्फेट सुमारे ३० टक्के असते. व्यापारी फॉस्फोरिक आम्लात ते सुमारे ५४ टक्के असते. म्हणजे तेवढ्याच फॉस्फेटसाठी रॉकची जहाजे जवळजवळ दुप्पट लागतील. रॉकवर गंधकाम्ल ओतावे लागते, ते बनवायला गंधकही आयात करावे लागते, म्हणजे एक जहाज टाळून दोन वेगळ्या मालांची जहाजे आली. आणि मुख्य म्हणजे फॉस्फेटच्या दर टनामागे सुमारे पाच टन फॉस्फोजिप्सम हा टाकाऊ चुरा उरतो. त्यात रॉकमधल्या फ्लोरिनचा आणि किरणोत्सारी द्रव्यांचा अंश असतो. ओडिशात पारादीपला किंवा इतरत्र त्याचे डोंगर रचायला जागा आहे. सांकवाळच्या पठारावर, खाली वेळसावचा किनारा असताना, हा डोंगर कुठे रचणार ते सांगावे.

डिचोलीचा बागायतदार
डोंगराचे उत्तर माझ्यापाशी नाही, हे मान्य. पण मग उघडपणे म्हणा की आपण घाण मोरोक्कोत ठेवून आम्ल गोव्यात आणतो. मधला माल विकत घेणे म्हणजे त्याच्या मागची घाणही दुसऱ्याच्या दारात ठेवण्याची किंमत मोजणे आहे, आणि ती किंमत आपण सबसिडीतून देतो.

मुरगावकर
हे वाक्य मी खोडणार नाही. सत्तरच्या दशकात वेळसावच्या किनाऱ्यावर मेलेले मासे आणि त्यानंतरचे आंदोलन ज्यांनी पाहिले, त्यांना दारातल्या घाणीचा अर्थ माहीत आहे.

रसायनीचा निवृत्त
चर्चा खतापुरती राहू नये म्हणून थोडे मागे जातो.

साठच्या दशकात भारतात नाफ्ता हा नकोसा पाहुणा होता. शुद्धीकरण कारखाने डिझेल आणि रॉकेलसाठी क्रूड गाळत आणि त्याबरोबर निघणाऱ्या नाफ्त्याचे काय करायचे हा प्रश्न असे, कारण मोटारगाड्याच थोड्या होत्या. म्हणून नाफ्त्यावर चालणारे खत कारखाने आणि क्रॅकर (नाफ्ता फोडून प्लास्टिकचा कच्चा माल काढणारे कारखाने) यांना धोरणाचा पाठिंबा मिळाला. मुंबईत ट्रॉम्बेला युनियन कार्बाइडचा नाफ्ता क्रॅकर १९६६ मध्ये आला. ठाणे–बेलापूर पट्ट्यात नोसिलचा १९६८ मध्ये. आज जगात दहा लाख टनांच्या वरचे क्रॅकर आहेत, त्या मानाने ते दोन्ही छोटे होते. परंतु त्यांच्याभोवती प्लास्टिक, द्रावके आणि रबराची रसायने करणाऱ्या कारखान्यांचा पसारा उभा राहिला. गोव्यातला कारखाना १९७३ मध्ये चालू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले. ज्या नाफ्त्याला कोणी विचारत नव्हते, तो पाहता पाहता महाग झाला. ज्यांनी तो स्वस्त राहील असे गृहीत धरून प्लांट उभारले, त्यांच्या नशिबी पुढची चाळीस वर्षे सबसिडीचे कागद रंगवणे आले.

नाफ्त्याला मागणी करणारे तीन. क्रॅकरमध्ये तो वाफेबरोबर ८०० ते ८५० अंश सेल्सियसला सेकंदाच्याही अंशात फोडला की सुमारे ३० टक्के इथिलिन मिळते, शिवाय प्रोपिलिन, ब्युटाडाइन आणि बेंझिनयुक्त द्रव. प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर नेला की रिफॉर्मेट मिळते, जे पेट्रोलमध्ये जाते किंवा ज्यातून पॅराझायलीन काढून पॉलिस्टर होते. आणि निकेलवर नेला की हायड्रोजन मिळून अमोनिया होतो. एकच माल तीन वाटांनी जाऊ शकतो, म्हणून त्याची किंमत खतवाल्याच्या हातात कधीच नसते. पेट्रोल महागले की नाफ्ताही महागतो, आणि शेतकऱ्याचा त्या पेट्रोलशी संबंध नसला तरी युरियाच्या सबसिडीचा आकडा फुगतो.

सडेकर
निवृत्त काका, हे वाचून वाटले की नाफ्ता हा लग्नाच्या बाजारातला सरकारी नोकरीवाला मुलगा आहे.

रसायनीचा निवृत्त
साठच्या दशकात तो बेकार होता, एवढे विसरू नका.

कुडचड्याचा अभियंता
मग नाफ्ता स्वस्त झाला की पुन्हा नाफ्ता आणि वायू स्वस्त झाला की वायू, असे का करता येत नाही? दोन्हींतून शेवटी हायड्रोजनच हवा आहे.

जुना पाळीवाला
कागदावर येते, प्लांटमध्ये सहज येत नाही. याचे उत्तर मी झरोक्यातून पाहिलेले आहे.

प्राथमिक रिफॉर्मर म्हणजे भट्टीत उभ्या टांगलेल्या नळ्यांच्या रांगा. आत निकेलच्या उत्प्रेरकाच्या लहान कड्या भरलेल्या आणि बाहेर बर्नरच्या ज्वाला. दर पाळीत आम्ही भट्टीच्या भिंतीतली पीप होल उघडून, निळी काच डोळ्यांवर धरून, एकेक नळीचा रंग पाहत असू. नीट चाललेली नळी वरून खाली एकसारखी तांबूस दिसते. एखाद्या नळीवर उजळ पट्टा दिसला की तिथे आत उत्प्रेरकावर कार्बन धरला आहे, उष्णता शोषून घेणारी अभिक्रिया मंदावली आहे आणि नळीचा धातू तापतो आहे, असे समजायचे. नाफ्त्याचे रेणू लांब, त्यामुळे कार्बन धरण्याची प्रवृत्ती फार. म्हणून नाफ्त्यासाठी अल्कली मिसळलेला निराळा उत्प्रेरक लागतो आणि वाफही जास्त द्यावी लागते. त्यापूर्वी गंधक काढण्यासाठी कोबाल्ट-मॉलिब्डेनम आणि मग झिंक ऑक्साइडचे थर लागतात, कारण निकेलला गंधकाचा सूक्ष्म अंशही सोसत नाही.

वायूवर गेल्यावर नाफ्ता तापवून वाफ करणारी यंत्रणा निकामी होते, बर्नर बदलतात, उत्प्रेरक बदलतो, उष्णतेचा सगळा ताळेबंद बदलतो. दोन्ही बाजू राखणारे प्लांट करता येतात. मात्र त्यासाठी दोन्ही यंत्रणा जिवंत ठेवाव्या लागतात आणि तो खर्च भाव सुटेपर्यंत बसून खातो. दक्षिणेतले नाफ्त्यावरचे युरिया कारखाने एकेक करून वायूवर गेले. मंगळुरूचा २०२० च्या अखेरीस गेला. त्यांतला कोणी परत नाफ्त्यावर येण्याची स्वप्ने पाहत असेल असे मला वाटत नाही.

वेर्ण्याची औषधवाली
मधल्या मालावरचे अवलंबन औषधांतही तसेच आहे, फक्त टनांऐवजी ड्रममध्ये मोजले जाते. वेर्ण्याला आम्ही गोळ्या बनवतो. पॅरासिटामॉलची पावडर आम्हाला तयार येते. ती पॅराअमिनोफिनॉलपासून होते, ते नायट्रोबेंझिन किंवा क्लोरोबेंझिनच्या वाटेने बेंझिनपर्यंत मागे जाते, आणि बेंझिन निवृत्त काकांच्या क्रॅकरमधून किंवा रिफॉर्मरमधून येते. पॅराअमिनोफिनॉल प्रामुख्याने चीनमधून येत असे. २०२० मध्ये तिकडचा पुरवठा अडखळल्यावर सरकारने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत ते घातले, ते याच भीतीने. त्या वर्षी भारताने काही काळ पॅरासिटामॉलच्या निर्यातीवरही बंधन आणले होते. गोळी गोव्यात होते म्हणून ती गोव्याची, असे म्हणायला मी कचरते.

केरीकर
नायलॉनचा विषय कोणी काढला नाही, म्हणून काढतो. केरीच्या भूतखांब पठारावर थापर–ड्यूपॉन्टचा नायलॉन ६,६ चा प्रकल्प येऊ घातला होता आणि लोकांनी तो घालवला; १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक हा तरुण गेला. नायलॉन ६,६ अडिपिक आम्ल आणि हेक्सामिथिलिनडायअमिन या दोन मधल्या मालांपासून बनतो. तेव्हाच्या सभांमध्ये सर्व भांडण शेवटच्या वस्तूवर, म्हणजे धाग्यावर झाले. त्या पठारावर नेमके कोणते मधले रसायन किती साठवले जाणार, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. आज कोणत्याही प्रकल्पाच्या जनसुनावणीत मी पहिला प्रश्न तोच विचारतो.

दर्यावर्दी
केरीकरांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले. जहाजावरच्या माणसाला मालाचे नाव नंतर कळते. आधी कळते ते तापमान आणि दाब. अमोनिया उणे ३३ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणून मोठ्या जहाजात तो थंड करून साध्या दाबावर आणतात. फॉस्फोरिक आम्ल जड आणि पोलादाला खाणारे, त्यासाठी स्टेनलेस किंवा रबराचे अस्तर लावलेल्या टाक्या. नाफ्ता पाण्यासारखा पातळ, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून ठिणगीची वाट पाहते.

वायू आल्यावर गोव्याच्या पाण्यातून नाफ्ता हद्दपार झाला, असे समजणाऱ्यांनी ऑक्टोबर २०१९ आठवावा. क्यार वादळाच्या दिवसांत नू शी नलिनी हे खलाशी नसलेले जहाज मुरगावहून वाहत जाऊन दोनापावलाजवळ राजभवनाखालच्या खडकांवर बसले आणि त्याच्या पोटात दोन हजार टनांहून अधिक नाफ्ता होता.

चिखलीकर
माझे घर ज्या रस्त्याजवळ आहे तिथून मला हे लिहिणे भाग आहे. जानेवारी २०१८ मध्ये पहाटे चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला आणि आसपासच्या लोकांना घरे सोडावी लागली. मूळ प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा तीच पहाट असावी. वर डीएपी आणि युरियाची वाटणी समजावून सांगितली, ती समजली. परंतु जे बनत जाते आणि लगेच पुढच्या भांड्यात जाते, त्याचा साठा थोडा असतो. जे जहाजाने येते त्याचा साठा जहाजाएवढा ठेवावा लागतो, कारण हजारो टन एकदम उतरतात. म्हणजे विकत घेण्याचा निर्णय झाला की टाकीचा आकारही त्याच दिवशी ठरतो.

भोपाळला १९८४ मध्ये जे निसटले तेही अंतिम कीटकनाशक नव्हते. मिथाइल आयसोसायनेट हा मधला माल होता आणि तो सुमारे ४० टन एका टाकीत होता. विशाखापट्टणमला ७ मे २०२० रोजी निसटले ते स्टायरीन, तेही प्लास्टिकच्या आधीचे. टाळेबंदीत प्लांट बंद होता, पण टाकी भरलेली होती.

जुना पाळीवाला
चिखलीकर, तुमच्या मताशी मी सहमत आहे, एक भेद मात्र सांगतो. स्टायरीनसारखा माल टाकीत पडून राहिला तर स्वतःशीच अभिक्रिया करून तापतो, म्हणून त्यात रोधक मिसळून तो गार ठेवावा लागतो. अमोनिया तसा नाही. तो पडून राहिला म्हणून बिघडत नाही. थंड टाकीत सतत थोडी वाफ होते, ती कंप्रेसरने ओढून पुन्हा द्रव करतात. तो कंप्रेसर आणि त्याची वीज हीच त्या टाकीची नाडी.

गळती ओळखणे मात्र सोपे. द्रव अमोनियाच्या लाइनवर फ्लँजभोवती, म्हणजे नळ्यांच्या जोडाभोवती, पांढरे हिम धरते, आणि हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काडी जवळ नेली की जिथे फट असेल तिथून पांढरा धूर निघतो. नाकाला तर त्याच्याही आधी कळते. अमोनिया हवेपेक्षा हलका म्हणून वर उडून जातो, असे पुस्तकात असते. पण थंड द्रव एकदम सांडला की त्याचे धुके जमिनीलगत सरपटते, आणि लोक फसतात ते इथे. वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाजूला व्हायचे, ओला कपडा नाकातोंडावर धरायचा. पाणी अमोनियाला झपाट्याने विरघळवते, म्हणून अग्निशमनवाले पाण्याचा पडदा उभा करतात; साचलेल्या द्रवावर मात्र थेट पाणी मारायचे नसते, त्याने तो आणखी उकळतो.

हिशोबनीस, पणजी
जमाखर्चाची बाजू राहिली. नैसर्गिक वायू अजून जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर व्हॅट लागतो आणि त्याचा परतावा पुढे मिळत नाही. नाफ्ता जीएसटीत आहे. अमोनियावर १८ टक्के आणि तयार खतावर ५ टक्के अशी उलटी रचना कित्येक वर्षे होती, त्यामुळे कारखान्यांचा पैसा परताव्यात अडकून राही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमोनिया, गंधकाम्ल आणि नायट्रिक आम्ल यांचा दर ५ टक्क्यांवर आणला. म्हणजे करापुरते बोलायचे तर विकत घेतलेला अमोनिया आता अधिक सुटसुटीत झाला आहे, आणि वायूपासून बनवलेल्या अमोनियाच्या पोटात अडकलेला व्हॅट तसाच आहे. सांकवाळच्या वाचकांना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे.

सांकवाळचा वाचक
रुचले नाही, पण समजले. आयात बंद व्हायला हवी, हे माझे सुरुवातीचे मत आता तसेच ठेवता येत नाही. त्याऐवजी वेगळे विचारतो: युरियाची वाटणी वायूला बांधलेली आहे आणि डीएपीची जहाजाला. पुढच्या काळात हरित अमोनिया आला तर यांतली कोणती गाठ आधी सुटेल?

फोंड्याची शिक्षिका
जहाजाची. हरित अमोनियातला हायड्रोजन पाण्याच्या विद्युत अपघटनातून येतो, त्यामुळे त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड निघतच नाही. युरियाला तर तो हवाच. म्हणून निव्वळ हरित अमोनियावर युरिया चालणार नाही. कार्बन दुसरीकडून आणावा लागेल. डीएपीला कार्बनची गरज नाही, त्यामुळे आयातीचा अमोनिया काढून तिथे हरित अमोनिया ठेवला तर प्लांटला फरक कळणारही नाही. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि २०२५ मध्ये सेकीने (केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाने) खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव केले, त्यांत पहिला भाव पारादीपच्या कारखान्यासाठी किलोला ५५.७५ रुपये निघाला. गोव्याचा कारखाना २०२२ पासून त्याच कंपनीकडे आहे.

डिचोलीचा बागायतदार
म्हणजे माझी परक्यांच्या हातातली दोरी निम्मी तरी सुटणार. फॉस्फेटची निम्मी राहिली.

चिखलीकर
आणि माझा रस्ता? हरित अमोनियाही उणे ३३ अंशांलाच उकळणार आणि बहुधा त्याच टँकरने माझ्या दारावरून जाणार.

मुरगावकर
जाणार. म्हणून तोवर करण्यासारखे एक काम आहे. घातक रसायनांसंबंधीच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा साठ्यांसाठी कारखान्याबाहेरचा आपत्कालीन आराखडा जिल्हा प्रशासनाने तयार ठेवायचा असतो आणि त्याची रंगीत तालीम वर्षातून किमान एकदा घ्यायची असते. आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती देणेही त्यात येते. चिखली, दाबोळी आणि सांकवाळच्या ग्रामसभांत तो आराखडा मागा. वाऱ्याची दिशा पाहून कोणत्या वाड्याने कुठे जायचे, हे त्यात लिहिले आहे का ते तपासा.

चिखलीकर
रविवारच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला आहे. पाळीवाले काका, ओला कपडा आणि आडवी दिशा हे दोन मुद्दे मी तुमच्या प्रतिसादातून उचलले आहेत. आणखी काही घालायचे असल्यास शनिवारपर्यंत इथे लिहावे.

जुना पाळीवाला
घरांच्या जवळ वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी उंचावर लावायला सांगा. ती कारखान्याच्या आत असते, आणि कुंपणाबाहेरच्या माणसाला ती दिसत नाही.

सडेकर
आमच्या वाड्यावर एक माझ्या खर्चाने लावतो.